सोलापूरहून सव्वाचारशे किलोमीटरचा फेरा : वाटेवरची दुर्लक्षित गावं तीन दिवसांत कशी बघावीत

हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरात मी पहिल्यांदा पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, आणि ज्यासाठी गेलो होतो तो शिलालेख मला दिसलाच नाही. सभामंडपात अंधार होता, मोबाईलचा उजेड मी समोरून मारत होतो आणि दगड नुसता पांढरा पडत होता. परत चाळीस किलोमीटर मागे आलो. पुढच्या वेळी सकाळी नऊला गेलो तेव्हा तो लेख कोरलेली तुळई बघताना अक्षर न् अक्षर वर आलेलं होतं.

तेव्हापासून सोलापूर जिल्ह्यातली गावं दाखवायला कुणाला नेताना मी नकाशा नंतर उघडतो, आधी घड्याळ मांडतो. कुठल्या गावात किती वाजता पोचायचं हे ठरलं की अंतरं आपोआप बसतात. उलट केलं की सगळीकडे भर दुपारी पोचणं होतं, देवळाचा दरवाजा ओढलेला असतो, फरशी तापलेली असते आणि माणूस म्हणतो, “काय बघायचंय इथं?” आपल्याकडचीच माणसं असं म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर एवढं झालं की सोलापूर झालं, अशी समजूत पक्की बसली आहे. म्हणून हा तीन दिवसांचा फेरा नीट लिहून काढतोय. मी तो दुचाकीवर केलाय, चारचाकीत घरच्यांना घेऊन केलाय, आणि एकदा अर्ध्यावर सोडूनही आलोय.

कधी निघावं

डिसेंबर आणि जानेवारी. याला माझ्याकडे दुसरा पर्याय नाही. नोव्हेंबरात रानं हिरवी असतात, फेब्रुवारीत द्राक्षं असतात, पण हुरडा आणि थंडी एकत्र मिळते ती याच दोन महिन्यांत. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडून जातो, आणि देवळात अनवाणी चालायचं असतं हे विसरू नका. करमाळ्याच्या देवीच्या आवारात मी एकदा मे महिन्यात दुपारी एकला गेलो होतो. लेकरू कडेवर घेऊन पळत सावली गाठावी लागली.

निघायच्या आधी पंचांग बघा. आषाढी आणि कार्तिकी एकादशीच्या आगेमागे पंढरपूरच्या बाजूला गाडी घालू नका. माघी आणि चैत्रीलाही गर्दी असते. वारी बघायचीच असेल तर ती वेगळी गोष्ट, तिच्यासाठी वेगळं यावं आणि पायी चालावं.

गाडीत काय असावं

मोठी यादी देत नाही. स्टेपनीत हवा आहे का ते घरीच बघा. पंक्चरवाला मोठ्या गावात मिळतो, मधल्या पंधरा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यात मिळेलच असं नाही. टाकी सोलापूरला भरून घ्या. १८ चं अॅव्हरेज धरलं तर सगळ्या फेऱ्याला २४ लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. एक चांगली बॅटरी, म्हणजे हातात धरायची टॉर्च. सुट्टे पैसे. पाण्याचा कॅन. आणि निघताना सोलापुरातूनच कडक भाकरी आणि उखळात कुटलेली शेंगाची चटणी बांधून घ्या. कडक भाकरी आठवडाभर टिकते, कुठल्याही बांधावर बसून दह्यात कुस्करली की जेवण होतं.

बायका बरोबर असतील तर स्वच्छतागृहाचा विचार आधी करा. मधल्या खेड्यांत सोय नसते. मोठ्या रस्त्यावरचे पेट्रोल पंप हाच त्यातल्या त्यात भरवशाचा आसरा, त्यामुळे पंप दिसला की गरज असो-नसो थांबायचं, असा नियम आम्ही करून टाकलाय.

पहिला दिवस : कुडल, माचणूर, मंगळवेढा

सकाळी साडेसातला विजापूर रस्त्याने सोलापूर सोडा. मंद्रूपच्या पुढे जाऊन भीमेच्या काठावर हत्तरसंग कुडलला वळायचं. इथे भीमा आणि सीना एकत्र येतात. या पट्ट्यात घराघरात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलतात. पत्ता विचारताना ‘अण्णा’ म्हणून सुरुवात केली की माणूस गाडीपर्यंत चालत येऊन रस्ता सांगतो.

नऊच्या सुमारास संगमेश्वर मंदिरात असावं. सभामंडपाच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे. काळ कोरलेल्या सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. लेखाच्या शेवटी जे म्हटलंय त्याचा अर्थ असा, की हे जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी या नदीकाठी कुणीतरी छिन्नी हातात घेऊन आपल्या भाषेत वाचणाऱ्याचं भलं चिंतलं, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

आता तो बघायचा कसा, ते सांगतो. टॉर्च समोरून धरू नका. दगडाला जवळजवळ टेकवून, बाजूने, आडवी धरा. उजेड दगडावरून घसरत गेला की प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरते आणि ओळ उठून येते. टॉर्च हळूहळू पुढे सरकवायची, दुसऱ्याने बघायचं. म्हणजे हे काम दोघांचं आहे. अक्षरांत खडू, हळद, तेल, काही भरू नका. त्याने दगड खराब होतो. बोटही फिरवू नका.

शेजारीच हरिहरेश्वर मंदिर आहे. ते मातीच्या ढिगाखाली गाडलं गेलं होतं, उत्खननात बाहेर काढलं. तिथला वर्तुळाकार, वरून उघडा स्वर्गमंडप आणि ज्याच्यावर तीनशेहून अधिक मुखं कोरली आहेत ते शिवलिंग, या दोन गोष्टींपाशी घाई करू नका. लिंगावरच्या मुखांच्या रांगा एका बाजूने मोजायला घ्या. मोजता मोजता लक्षात येतं, चेहरे एकसारखे नाहीत.

संगमावर पाण्यात मात्र उतरायचं नाही. भीमेचं पाणी उजनीतून सोडतील तसं वाढतं-कमी होतं, आणि वाळू उपसून पात्रात खोल खड्डे झालेत. काठावरून गुडघाभर दिसणारं पाणी दोन पावलांवर डोक्यावरून जातं.

साडेअकराला परत मंद्रूपला या आणि तिथून मोहोळकडे जाणारा रस्ता धरून कामतीला या. सोलापूरला मागे जाऊन मंगळवेढ्याचा रस्ता पकडण्याची गरज नाही. कामतीला मंगळवेढा रस्ता मिळाला की पुढे बेगमपूर, मग भीमेवरचा पूल, आणि पूल ओलांडला की माचणूर.

१६९५ पासून पुढची चार वर्षं औरंगजेबाची मुख्य छावणी इथेच, माचणूरला लागून असलेल्या ब्रह्मपुरीला होती. ब्रह्मपुरीचं नावही त्याने इस्लामपुरी करून टाकलं होतं. पलीकडच्या बेगमपूरचं नाव त्याच काळात वारलेल्या त्याच्या मुलीच्या कबरीवरून पडलं असं सांगतात. माचणूरच्या किल्ल्याची तटबंदी आज नदीकडून पडत चाललीय, पण तटावरून भीमेचं वळण बघितलं की छावणीला हीच जागा का निवडली ते कुणी सांगावं लागत नाही. खाली सिद्धेश्वराचं देऊळ आणि घाट. दुपारचे दोन तास इथे काढा, घाटावर झाडांची सावली असते. भाकरी-चटणी इथेच सोडायची.

तटावर चढताना कडेला जाऊ नका, दगड सुटलेले आहेत.

चारच्या सुमारास मंगळवेढ्यात. गावाबाहेर गाडी लावा आणि आत पायी फिरा; पेठेतून चारचाकी घालून तुम्हालाही त्रास आणि गावालाही. हे गाव नुसतं संतांचं नाही. कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, आधी कलचुरींची राजधानी इथे होती आणि महात्मा बसवेश्वर बिज्जलाच्या दरबारी इथेच होते. दुर्गादेवीच्या दुष्काळात बादशाही कोठारं उघडून लोकांना धान्य वाटणारे दामाजीपंत इथले. कान्होपात्रा इथली. आणि १३३८ साली गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले ते इथेच. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला नेल्या, त्या महाद्वारापाशी आहेत. मंगळवेढ्यात दामाजीचं देऊळ सगळे करतात. चोखोबांच्या जागेशी फार थोडे थांबतात. तुम्ही थांबा.

मग गावाबाहेरचं रान. मंगळवेढ्याची ज्वारी २०१६ पासून भौगोलिक मानांकनाची आहे. हे काळं रान खोल आहे, पावसाचं पाणी धरून ठेवतं, आणि त्या ओलाव्यावर मालदांडी ज्वारी रब्बीत वरच्या पाण्याविना उभी राहते. म्हणून दुष्काळाच्या गोष्टीत कोठारं येतात ती याच गावाची. मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा प्रसिद्ध वाण आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातला.

जानेवारीत आलात तर कुणाच्या तरी वावरात आगटी पेटलेली दिसेल. आता बऱ्याच ठिकाणी हुरडा पार्ट्या पैसे घेऊन होतात, ते चांगलंच आहे, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. आधी फोन करून जायचं. हुरडा कसा असावा ते बघून घ्या. दाणा दाबला की पांढरं दूध यायचं थांबलेलं असावं, पण दाणा कडक झालेला नसावा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं पुरायची, हिरवा वास बदलून भाजका वास आला की काढायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. हात भाजतात. खरा हुरडा चोळणारा माणूस फुंकर घालून कोंडा उडवतो आणि मूठ थेट तुमच्या हातात रिकामी करतो. चोळून दहा मिनिटं झालेला हुरडा खाण्यात ती मजा नाही, म्हणून आगटीशेजारी खाली बसायचं, ताट घेऊन खुर्चीवर नाही.

मुक्कामाला पंढरपूर बरं. पंचवीस किलोमीटर आहे, आणि एकादशीचे दिवस सोडले तर भक्तनिवासात खोली मिळते.

रस्त्याबद्दल, अंधार पडायच्या आधी

दुसऱ्या दिवसापासून उसाचा पट्टा लागतो, त्यामुळे हे इथेच सांगतो. गाळप हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या वाड्याखाली झाकलेला असतो, आणि ट्रॉलीबाहेर ऊस हातभर आलेला असतो. समोरून येणाऱ्याच्या लाईटमध्ये तो दिसत नाही. दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. अंधार पडल्यावर या भागात गाडी चालवायची नाही. मी याबाबत कुणाचंही ऐकत नाही. बैलगाडी तर रस्त्याच्या मधोमध असते आणि गाडीवान झोपलेला असतो, बैलांना वाट माहीत असते.

मेंढरं आडवी आली तर हॉर्न वाजवू नका. इंजिन चालू ठेवून उभे राहा, कुत्रं आणि धनगर मिळून दोन मिनिटांत वाट करून देतात. हॉर्न वाजवला की मेंढरं उलटी फिरतात आणि वीस मिनिटं जातात.

आणि काळ्या मातीत चाक उतरवू नका. एका ऑक्टोबरात, रात्री पाऊस झालेला, सकाळी वरून माती सुकलेली दिसत होती म्हणून फोटोसाठी मी गाडी कडेला घेतली. चाकं धुऱ्यापर्यंत बसली. एका शेतकरी मामांनी ट्रॅक्टर आणून ओढून काढली, पैसे घेतले नाहीत, उलट घरी नेऊन चहा पाजला. तेवढ्यात दुपार झाली आणि तो फेरा तिथेच संपला. थांबायचं तर मुरूम टाकलेल्या जागी, नाहीतर डांबरावरच, फाट्याजवळ.

दुसरा दिवस : वेळापूर, अकलूज, उजनीचा काठ

सातला पंढरपूर सोडा, आठच्या आत वेळापूर. ज्ञानोबांच्या पालखीचा इथे मुक्काम असतो. पालखी मार्ग आता रुंद झालाय आणि बहुतेक गाड्या वेळापूर ओलांडून निघून जातात. तुम्ही गावात शिरा. अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ सकाळच्या उन्हात बघावं, यादव राजा रामचंद्राच्या काळातले शिलालेख इथे आहेत. नावावरून अर्धी-अर्धी मूर्ती मनात धरून गेलात तर गोंधळ होईल. इथे शिव आणि पार्वती शेजारी शेजारी उभे आहेत. गाभाऱ्याचं दर्शन झालं की बाहेर येऊन कुंडाच्या पायऱ्यांवर बसा. पहाटेची पूजा आटोपलेली असते, गाव कामाला लागलेलं असतं, आणि देवळात तुम्ही आणि पुजारी एवढेच असता. बाहेर सुट्ट्या ठेवलेल्या वीरगळांपाशी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांपाशी, जरूर थांबा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो शंकराची पूजा करतोय. खालून वर वाचायचं असतं.

अकलूजला नीरेच्या काठचा किल्ला आहे, मुलं बरोबर असतील तर तिथली शिवसृष्टी दाखवा. नाहीतर नाश्ता करून पुढे निघालात तरी चालेल.

टेंभुर्णीहून करमाळ्याचा रस्ता धरला की कंदर लागतं. इथली केळी परदेशात जातात. हंगामात रस्त्याकडेला घड धुऊन पेट्यांत भरण्याचं काम चाललेलं दिसतं. विचारून बघितलं तर कुणी नाही म्हणत नाही. डाव्या हाताला उजनीचं पाणी आहे, पण रस्त्यावरून ते फारसं दिसत नाही. त्यासाठी जेऊरवरून केत्तूरच्या बाजूला आत जावं लागतं.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमेकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. केत्तूर हे त्यातलंच, म्हणून आज केत्तूर एक आणि केत्तूर दोन अशी नावं आहेत. तिथे गेलात तर पक्षी बघाच, हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, पाणी जितकं उथळ तितके जास्त. पण पारावर बसलेल्या एखाद्या आजोबांना “जुनं गाव कुठल्या अंगाला होतं?” एवढं विचारा. ते हात करून पाण्यात एक जागा दाखवतात. वेस कुठे होती, तालीम कुठे होती, चिंच कुठे होती, सगळं पाण्यावर बोटाने आखून दाखवतात. मी हे तीन वेगवेगळ्या गावांत ऐकलंय आणि तिन्ही वेळा परतताना गाडीत कुणी बोललं नाही.

पक्ष्यांसाठी चारनंतर जावं, सूर्य पाठीशी येईल असा काठ निवडावा. होडीवाल्याला थव्यात घुसायला सांगू नका. पक्षी उडाले की त्यांचं खाणं मोडतं. होडीत बसायचंच तर अंगावर जॅकेट असल्याशिवाय नाही. अंधार पडायच्या आत करमाळ्याला पोचाल अशा बेताने निघा, मुक्काम तिथेच. लॉज साधे आहेत, आधी फोन करून ठेवावा.

तिसरा दिवस : करमाळा, कुर्डुवाडी, बार्शी, नान्नज

सकाळी सातला श्रीदेवीचा माळ. कमलादेवीचं हे देऊळ रावरंभा निंबाळकरांनी बांधलं, अठराव्या शतकात. ९६ या आकड्यावर सगळी रचना आहे : ९६ खांब, ९६ ओवऱ्या, बारवेला ९६ पायऱ्या. गोपुरं दक्षिणी धाटणीची आणि आवारात उंच दीपमाळा. बारवेत सकाळी ऊन तिरपं शिरतं आणि पायऱ्यांच्या सावल्या एकीखाली एक पडतात. खाली शेवाळ असतं, शेवटच्या पायऱ्या सोडून द्या. नवरात्र सोडलं तर इथे शांतता असते.

तिथून कुर्डुवाडी. बघण्यासारखी वास्तू म्हणाल तर फार काही नाही, पण चहासाठी स्टेशनवर थांबा. या स्टेशनचं जुनं नाव बार्शी रोड. १८९७ साली इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती आखली. पुढे ती लातूरपर्यंत आणि दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. बार्शीची बाजारपेठ उभी राहिली त्यात या छोट्या गाडीचा मोठा वाटा आहे. आता तिथे रुंद रूळ आहेत.

बार्शीत भगवंताचं देऊळ. विष्णूचं ‘भगवंत’ या नावाचं देऊळ दुसरीकडे सहसा सापडत नाही. अंबरीष राजाच्या द्वादशीव्रताची कथा या जागेशी जोडलेली आहे, म्हणून पंढरपूरची एकादशी करून बार्शीत द्वादशीला उपास सोडायची रीत. देवळाभोवतीच्या गल्ल्या पायी फिरा आणि भुसार बाजाराच्या बाजूने एक चक्कर मारा. तूरडाळ आणि ज्वारी घरी न्यायची असेल तर इथेच घ्या. नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. दाणा मोत्यासारखा, टपोरा, पांढरट पिवळसर झाक असलेला बघून घ्या.

जेवण बार्शीतच उरका आणि तीनला निघा. वैराग, वडाळा करत साडेचारच्या सुमारास नान्नज. १९७९ साली माळढोकसाठी हे अभयारण्य झालं. माळढोक आता दिसणं फार दुर्मीळ झालंय, त्या आशेवर कुणाला आणू नका. पण हा माळ बघितलाच पाहिजे. आपल्याला गवत म्हणजे पडीक रान वाटतं. लांडगा, खोकड, काळवीट आणि जमिनीवर घरटी करणारे किती तरी पक्षी याच पडीक वाटणाऱ्या गवतावर जगतात. आत जाण्याची वेळ आणि परवानगी वन खात्याच्या नाक्यावर विचारा. गाडीतून उतरू नका, काच खाली करा, इंजिन बंद करा. फेब्रुवारीत आलात तर परतताना द्राक्षं घ्या, लांब मण्याची सोनाका ही जात नान्नजचीच.

वेळ एकच दिवस असेल तर पहिल्या दिवसाचा रस्ता करून मंगळवेढ्याहून सरळ सोलापूरला या, १६५ किलोमीटर होतात. एसटीने करायचं तर मंगळवेढा, वेळापूर, अकलूज, करमाळा, बार्शी सगळीकडे गाड्या आहेत. कुडल आणि केत्तूरला मात्र स्वतःचं वाहन लागतं.

नान्नजच्या माळावर साडेपाचनंतर दहा मिनिटं गप्प बसून राहिलं की आधी नुसतं गवत हलल्यासारखं वाटतं. मग एक काळा नर मान वर करतो, वळसेदार शिंगांवर ऊन पडतं, आणि त्याच्या मागे गवताच्याच रंगाच्या दहा-बारा माद्या, ज्या इतका वेळ समोरच चरत होत्या.